फुकटच्या पार्किंगचं बिल कोण भरतं?

शनिवारची संध्याकाळ. साडेसहाला फर्ग्युसन रस्त्यावर भेटायचं, असं ग्रुपवर ठरलेलं. तुम्ही सव्वासहालाच तिथे पोहोचता आणि मग सुरू होतो शोध. कडेला गाड्यांची सलग भिंत. दोन गाड्यांच्या मध्ये हँडल घुसेल एवढी फट दिसते, पण तुम्ही वेग कमी करताच मागचा हॉर्न वाजवतो. रस्ता एकेरी, त्यामुळे जागा हुकली की मागे वळायची सोय नाही. जंगली महाराज रस्त्याने पुन्हा अख्खा वळसा. दुसऱ्या फेरीत एक जण हातात किल्ली घेऊन येताना दिसतो. तुम्ही आशेने थांबता, तर तो डिकीतून रेनकोट काढतो आणि परत दुकानात जातो. ग्रुपवर मेसेज येतो, ‘कुठे?’ तुम्ही उत्तर टाकता, ‘दोन मिनिटं! पार्किंग.’

शेवटी कुठल्या तरी गल्लीत, ‘गेटसमोर गाडी लावू नये’ या पाटीला जेमतेम मान देऊन गाडी लागते. मग पुढचा तासभर कॉफी पिताना अर्धं लक्ष टोइंगच्या गाडीकडे.

आता सांगा, ही जागा तुम्हाला फुकट मिळाली का? खिशातून एक रुपया गेला नाही, हे खरं. पण वीस मिनिटं गेली, पेट्रोल गेलं, डोकं गेलं. तुमच्यासारख्या शंभर जणांच्या शंभर फेऱ्यांमुळे रस्ता तुंबला. आणि ज्या दुकानात तुम्ही आधी डोकावणार होतात, तिथे जायचं राहूनच गेलं. बिल फाटलंच, फक्त त्याची पावती कोणी दिली नाही.

डेक्कन, लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, मंडई. पुण्याचा हा जुना बाजारभाग आज दोन आघाड्यांवर लढतोय. एकीकडे मॉल, जिथे गाडी तळघरात लावून लिफ्टने वर जाता येतं. दुसरीकडे मोबाइल, जिथे जागेवरून उठावंही लागत नाही. अशा वेळी ‘पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही’ ही दुकानदारांची तक्रार खोटी नाही. पण त्यावर जो उपाय हमखास सुचवला जातो, ‘आणखी पार्किंग द्या, आणि फुकट द्या’, तो मात्र नीट तपासून बघायला हवा.

एक जागा, बारा गिऱ्हाइकं

सोपं गणित करू. समजा, दुकानासमोर एका दुचाकीपुरती जागा आहे. सकाळी दहाला कोणीतरी तिथे गाडी लावली आणि संध्याकाळी सातला काढली. नऊ तासांत त्या जागेने एका माणसाची सोय केली. त्याच जागेत दर पाऊण तासाने गाडी बदलली असती, तर बारा जणांची सोय झाली असती. त्या बारांपैकी निम्म्यांनी दोनशे-दोनशे रुपयांची खरेदी केली, असं धरलं तरी बाजाराला बाराशे रुपये मिळाले. एका दुचाकीच्या जागेतून, एका दिवसात.

मग दिवसभर गाडी लावणारा हा माणूस कोण? एकदा दुकानांची शटर उघडायच्या वेळी बाजारात जाऊन बघा. सगळ्यात चांगल्या जागा गिऱ्हाईक यायच्या आधीच भरलेल्या असतात. त्यात दुकानात काम करणाऱ्यांच्या गाड्या असतात, काही वेळा खुद्द मालकाचीही. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातल्या लोकांच्या असतात. आसपासच्या वाड्यांत राहणाऱ्यांच्या असतात, कारण ते वाडे बांधले तेव्हा दारात गाडी असेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि हो, कॉलेजच्या आवारात जागा मिळाली नाही म्हणून बाहेर लावलेल्या आपल्याही असतात. यातला कोणीच गुन्हेगार नाही. जी गोष्ट फुकट आहे आणि जिला वेळेची मर्यादा नाही, ती जो आधी येईल तो दिवसभर धरून ठेवणार. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा देश आपला, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे बाजारात तुटवडा नुसत्या जागेचा नसतो, जागा मोकळी होण्याचा असतो. वाहनतळ बांधून हा तुटवडा आपोआप भरून निघत नाही. मंडईजवळ मिनर्व्हा आणि आर्यन, नारायण पेठेत हमालवाडा असे महापालिकेचे वाहनतळ कित्येक वर्षांपासून आहेत. तिथे पैसे द्यायचे आणि चार पावलं चालायचं. बाहेर रस्त्यावर लावलं तर पैसेही नाहीत आणि चालणंही नाही. मग माणूस आधी कुठे प्रयत्न करेल? रस्ता फुकट आणि वाहनतळाला पैसे, हा उलटा हिशोब आहे. सगळ्यात मोक्याची जागा सगळ्यात स्वस्त ठेवली, की तिच्यासाठी झुंबड उडणारच.

पृथ्वीला अडतीस फेऱ्या

या विषयावर ज्यांनी आयुष्य घातलं, ते डोनाल्ड शूप हे लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नगररचना शिकवायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हे त्यांचं पुस्तक २००५ मध्ये आलं आणि तोवर कंटाळवाणा समजला जाणारा हा विषय जगभरच्या नगररचनाकारांच्या चर्चेत आला.

शूप यांनी आपल्या विद्यापीठाला लागूनच असलेल्या वेस्टवूड व्हिलेज या बाजारभागात पार्किंग शोधणाऱ्या गाड्यांचा अभ्यास केला. आपल्या डेक्कनसारखाच, विद्यार्थ्यांनी भरलेला भाग. जागा शोधायला सरासरी वेळ लागत होता फक्त ३.३ मिनिटं. आपल्याला वाटेल, एवढंच? पण तिथल्या पंधराच ब्लॉकमध्ये अशा शोधाशोधीत वर्षाकाठी साडेनऊ लाख मैल गाड्या फिरत होत्या. किलोमीटरमध्ये सांगायचं तर पंधरा लाखांहून जास्त. पृथ्वीला अडतीस प्रदक्षिणा घालता येतील एवढं अंतर, आणि त्यातून कोणीही कुठेही पोहोचलं नाही!

शूप यांचं म्हणणं अगदी साधं होतं. रस्त्याकडेच्या पार्किंगचा दर असा ठेवा, की कुठल्याही वेळी प्रत्येक ब्लॉकमध्ये एक-दोन जागा रिकाम्या असतील. म्हणजे साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या. सगळ्या भरल्या तर दर कमी पडतोय, निम्म्या रिकाम्या राहिल्या तर दर जास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये ही कल्पना मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. प्रत्येक ब्लॉकचा दर तिथल्या गर्दीप्रमाणे काही आठवड्यांनी थोडा वर किंवा थोडा खाली. दर नुसते वाढतच जातील, अशी भीती होती. प्रत्यक्षात गर्दीच्या ठिकाणी ते वाढले, ओस पडलेल्या ठिकाणी कमी झाले आणि प्रयोगाच्या भागातला मीटरचा सरासरी दर आधीपेक्षा किंचित खालीच आला.

पैसे गेले कुठे, हे दिसलं पाहिजे

पण दुकानदार याला तयार कसे होणार? याचं उत्तर लॉस एंजलिसजवळच्या पॅसाडीना शहरात सापडतं.

ओल्ड पॅसाडीना हा त्या शहराचा जुना बाजार. एके काळी वैभवाचा, नंतर पडझड झालेला. रस्त्यावर पार्किंग फुकट, पण दोन तासांची मर्यादा. दुकानांतले कर्मचारी काय करायचे? दर दोन तासांनी बाहेर येऊन गाडी पुढे-मागे सरकवायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मर्यादा पाळली गेली आणि गिऱ्हाइकाला जागाही मिळाली नाही. ओळखीचं वाटतंय ना?

शहराने मीटर बसवायचं म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी विरोध केला. उरलंसुरलं गिऱ्हाईकही मॉलकडे जाईल, हेच त्यांचं म्हणणं. मग शहराने वेगळा प्रस्ताव ठेवला: मीटरचा पैसा महापालिकेच्या मोठ्या तिजोरीत जाणार नाही, याच बाजारावर खर्च होईल. विरोध मावळला. १९९३ मध्ये मीटर लागले. त्या पैशातून फूटपाथ नवे झाले, झाडं लागली, दिवे आले, मागच्या घाणेरड्या गल्ल्या चालण्याजोग्या झाल्या, रोजची झाडलोट सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत तिथलं विक्रीकराचं उत्पन्न झपाट्याने वाढलं. सगळं श्रेय मीटरचं नाही. जुन्या इमारतींची डागडुजी, नवी हॉटेलं, थिएटर हेही त्यात होतं. पण पार्किंगला पैसे लावल्याने बाजार बसला नाही, हे तर उघड दिसलं.

दुकानदारांच्या भीतीबद्दल आणखी एक मजेशीर गोष्ट. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात सस्ट्रान्स या संस्थेने दुकानदारांना विचारलं होतं, तुमच्याकडचं किती गिऱ्हाईक कारने येतं? त्यांचा अंदाज होता ४१ टक्के. गिऱ्हाइकांनाच विचारलं तेव्हा आकडा निघाला २२ टक्के. दुकानदार खोटं बोलत नव्हते. कारने आलेलं गिऱ्हाईक ‘पार्किंगच मिळत नाही हो’ म्हणत दुकानात शिरतं, म्हणून ते लक्षात राहतं. चालत आलेला माणूस तक्रार न करता खरेदी करून जातो, म्हणून तो मोजला जात नाही. तुळशीबागेत जाणाऱ्या कोणालाही हे पटेल. त्या बोळांमध्ये गाडी शिरतच नाही, तरी सणावाराच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते.

आपल्याकडे गाडं कुठे अडलं?

आता म्हणाल, अमेरिकेचं ठीक आहे, पुण्याचं काय? तर पुण्यात हा विषय नवा नाही. देशाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटलं होतं, की पार्किंगचं शुल्क जागेच्या किमतीला साजेसं असावं. २०१८ मध्ये आरटीओच्या नोंदींनुसार पुण्यातल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि ‘माणसांपेक्षा गाड्या जास्त’ अशा बातम्या आल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. गर्दी जास्त तिथे दर जास्त, हेच त्याचं सूत्र. त्यावर शहरभर गदारोळ झाला. मग आधी पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर करू, असं ठरलं. आणि त्यानंतर ते धोरण वर्षानुवर्षं कागदावरच पडून राहिलं.

आपल्या हातात राहिली ती जुनीच व्यवस्था. विषम तारखेला या बाजूला, सम तारखेला त्या बाजूला. तारीख चुकली तर टोइंग. या व्यवस्थेत ‘गाडी कुठे लावायची’ याचं उत्तर आहे, ‘किती वेळ’ याचं नाही. सम तारखेला योग्य बाजूला लावलेली गाडी दिवसभर तिथेच उभी राहिली, तरी नियम मोडत नाही. दंड जबर केला की काम होईल, असंही काहींना वाटतं. मुंबईत २०१९ च्या जुलैमध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावली तर पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड जाहीर झाला होता. पण दंड हा एखाद्याच्या नशिबी येतो आणि बाकीचे ‘आज तरी सुटलो’ म्हणून पुन्हा तिथेच लावतात. दर थोडा असला तरी सगळ्यांना लागतो, म्हणून सवयी बदलतात त्या दरामुळे.

मग २०१८ मध्ये विरोध करणारे चुकले का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या दोन शंका रास्त होत्या.

पहिली शंका, हे पैसे जाणार कुठे? ठेकेदार येणार, पावतीवर एक आकडा आणि हातात दुसरा, असा अनुभव आपल्या शहरांत लोकांना येतच असतो. म्हणून पॅसाडीनाचा धडा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. लक्ष्मी रस्त्यावर जमलेला पैसा लक्ष्मी रस्त्यावरच लागला पाहिजे. स्वच्छतागृह, बसायला बाक, नीट फूटपाथ, दिवे. बाजारातून दिवसभर फिरणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, पहिला खर्च कशावर करावा. ती क्षणाचाही विचार न करता स्वच्छ स्वच्छतागृह म्हणेल. आणि दर महिन्याला चौकात फलक लागला पाहिजे: इतके जमले, इतके खर्च झाले, यावर झाले. पैसे ऑनलाइन घेतले, तर मधल्या मध्ये गळतीही कमी होईल.

दुसरी शंका, ज्याला गाडीशिवाय पर्यायच नाही, त्याने काय करायचं? हा प्रश्न थेट आपला आहे. कात्रजच्या पुढे किंवा वाघोलीला राहून सकाळी सातच्या लेक्चरला येणाऱ्या मुलाला बसचा भरवसा नसेल, तर दुचाकी ही त्याची चैन नाही, गरज आहे. त्याच्याकडून दिवसाला पन्नास-साठ रुपये घेणं म्हणजे शिक्षणाची फी वाढवणं. म्हणून दर लावताना दोन गोष्टी पाळाव्या लागतील. एक, किंमत व्यापलेल्या जागेप्रमाणे हवी. एका कारच्या जागेत सहज पाच-सहा दुचाकी मावतात, तर दरातही तेवढाच फरक हवा. दोन, बाजाराच्या मुख्य रस्त्यावर तासाप्रमाणे दर आणि दहा मिनिटं चालण्याच्या अंतरावर दिवसभरासाठी स्वस्त जागा. ज्याला दिवसभर गाडी ठेवायची आहे, तो थोडं चालेल. ज्याला पाऊण तासाचं काम आहे, त्याला दारात जागा मिळेल.

पर्याय वाढलेत, हेही मान्य करायला हवं. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो थेट मंडईच्या खाली येते. मेट्रोने विद्यार्थ्यांसाठी तिकिटात ३० टक्के सवलत जाहीर केली. पीएमपीने २०२१ मध्ये दहा रुपयांत दिवसभर पेठांमध्ये फिरवणारी ‘पुण्यदशम’ ही छोटी बस आणली होती, तीही याच विचाराने. प्रश्न उरतो तो घरापासून स्टेशनपर्यंतचा, आणि रात्री साडेनऊनंतर परत कसं जायचं याचा. पार्किंगच्या पैशातला काही वाटा अशा बसफेऱ्यांवर खर्च झाला, तर गाडी घरी ठेवणाऱ्याला त्याचं फळ मिळेल. आधी पैसे आणि सोयी मग बघू, असं म्हटलं तर विरोध होणार, आणि व्हायलाच हवा.

राहता राहिले वाड्यांतले रहिवासी. मे २०२५ मध्ये राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक म्हणाले होते, की पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी करायची नाही. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून असा दाखला लागतो. कल्पना चांगली आहे, पण जुन्या पेठांत ती सरसकट लावली तर तिथल्या माणसाने गाडी घ्यायचीच नाही असा अर्थ होईल. त्यांना ठरावीक शुल्कात रात्रीचा परवाना आणि दिवसा जवळच्या वाहनतळात जागा, असा मधला मार्ग काढावा लागेल. रात्री बाजार बंद असतो, तेव्हा तीच जागा त्यांच्या कामी येऊ शकते.

एक शनिवार, एक रस्ता

हे सगळं वाचून ‘बघेल महापालिका’ असं म्हणत पान उलटू नका. कारण या चर्चेत सगळ्यात जास्त तुटवडा आहे तो मोजलेल्या आकड्यांचा. दुकानदार अंदाजाने बोलतात, नगरसेवक अंदाजाने बोलतात, आपण तर बोलतोच. आणि मोजणं अजिबात अवघड नाही.

चार जण जमा. एक रस्ता निवडा, दोन चौकांच्या मधला. पुणंच पाहिजे असं नाही, कोल्हापूरचा महाद्वार रोड चालेल, नाशिकचा मेन रोड चालेल, तुमच्या तालुक्याची बाजारपेठही चालेल. सकाळी दहा ते रात्री आठ, दर अर्ध्या तासाने एक चक्कर मारा आणि कडेला लावलेल्या गाड्यांच्या नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे टिपा. संध्याकाळी एक्सेलमध्ये टाका. कोणती गाडी किती वेळ उभी होती, किती जागा दिवसभर अडल्या, कुठल्या वेळी सगळं भरलेलं होतं, हे आपोआप कळेल. जोडीला दुकानांतून बाहेर पडणाऱ्या शंभर जणांना एकच प्रश्न विचारा, ‘तुम्ही इथे कशाने आलात?’ आणि दुकानदारांना विचारा, ‘तुमचं गिऱ्हाईक कशाने येतं?’ दोन उत्तरांमधला फरक बघा. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, सिव्हिल, कुठल्याही शाखेत हा प्रोजेक्ट म्हणून चालेल. आकडे घेऊन व्यापारी संघटनेकडे जा, क्षेत्रीय कार्यालयात जा. ‘पार्किंग मिळत नाही’ हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलंय. ‘या रस्त्यावरच्या इतक्या जागा सकाळपासून रात्रीपर्यंत हललेल्याच नाहीत’ हे त्यांना कोणी सांगितलेलं नसेल.

लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा, उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक, २०२१ पासून ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला गाड्यांसाठी बंद ठेवला जातो. एरवी जिथे दोन गाड्यांच्या मधून अंग चोरत जावं लागतं, तिथे त्या दिवशी लोक रस्त्याच्या मधोमध निवांत चालतात, आजी-आजोबा खुर्चीवर बसतात, पोरं खेळतात. पुढच्या ११ डिसेंबरला जाऊन या. आणि जाताना गाडी जरा लांबच लावा, म्हणजे ग्रुपवर ‘दोन मिनिटं! पार्किंग.’ असं लिहायची वेळ येणार नाही.